शून्य अंश सांभाळा: कॅनडातल्या हिवाळ्यात गाडीच्या आणि घराच्या त्याच त्या तक्रारी

दर वर्षी नोव्हेंबर लागला की ओंटारिओत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांकडून ठरावीक तक्रारी ऐकू येतात. काच आतून गोठते. चौकात ब्रेक दाबला तरी गाडी पुढे जात राहते. सकाळी चावी फिरवली की नुसतं टकटक होतं. घरातल्या खिडक्यांवरून पाणी ओघळतं. एखादा उपाय केला की चार दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याचं कारण माझ्या मते असं की आपण इलाज थंडीवर करत असतो आणि त्रास बहुतेक वेळा पाण्याचा असतो. पाणी कुठून येतं, कुठे गोठतं आणि कुठे विरघळतं, हे एकदा नीट पाहिलं की यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी सुटतात.

म्हणून सगळ्यात आधी फोनवरचा आकडा वाचायची सवय बदला. उणे वीस दिसलं की पुण्या-मुंबईहून आलेला माणूस धास्तावतो आणि एक-दोन अंश दिसले की निर्धास्त होऊन निघतो. रस्त्यासाठी हे अगदी उलट हवं. कडक थंडीत बर्फ कोरडा असतो, पायाखाली करकर वाजतो आणि टायरला थोडी तरी पकड देतो. शून्याच्या आसपास त्याच बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि टायर त्या थरावरून सरकतो. दुपारी दोन अंश आणि रात्री उणे पाच, असा अंदाज असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ सर्वांत धोक्याची. दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावर पसरतं, रात्री पारदर्शक होऊन गोठतं आणि सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो. ब्लॅक आइस म्हणतात तो हाच.

गाडीत दिसणारं तापमान बाहेरच्या हवेचं असतं, रस्त्याचं नाही. निरभ्र रात्रीनंतर हवा दोन अंशांवर असताना रस्ता शून्याखाली असू शकतो. पूल आणि हायवेचे रॅम्प सर्वांत आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही थंड हवा लागते आणि जमिनीची ऊब मिळत नाही. पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघा. रस्ता ओला चमकतोय, पण चाकांमागे पाण्याचे तुषार उडत नाहीत, तर ते पाणी नाही, बर्फ आहे.

सर्वांत वाईट म्हणजे गोठणारा पाऊस, इथल्या भाषेत फ्रीझिंग रेन. वरून पाणी म्हणूनच येतो आणि जमिनीला, तारांना, काचेला लागताक्षणी गोठतो. जानेवारी १९९८ मध्ये ओटावा ते माँट्रियल पट्ट्यात असा पाऊस बरेच दिवस पडत राहिला, विजेचे मनोरे मोडून पडले आणि लाखो लोक ऐन हिवाळ्यात अंधारात राहिले. या पावसावर कुठलाही टायर पुरत नाही. अंदाजात तो शब्द दिसला की त्या दिवशी गाडी काढू नका. ऑफिसला फोन करा, इथे ते कारण समजून घेतात.

चौकात गाडी थांबत नाही

यात पहिला संशय टायरवर घ्या. गाडीबरोबर आलेले ऑल सीझन टायर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतात. विंटर टायरचं रबर वेगळं असतं, ते थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या खाचांमधल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. म्हणजे विंटर टायर फक्त बर्फासाठी नाहीत, कोरड्या थंड रस्त्यावरही त्यांचा उपयोग आहे. ‘‘आमच्या भागात लगेच स्नो साफ करतात, मग कशाला खर्च?’’ हा प्रश्न नेहमी येतो. लगेच म्हणजे मुख्य रस्त्यावर. तुमच्या गल्लीत नांगर, म्हणजे बर्फ बाजूला सारणारी गाडी, यायला संध्याकाळ होऊ शकते, आणि शाळेच्या वेळेला तुम्हाला तिथूनच निघायचं असतं.

टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल तर ते खाचांच्या रचनेबद्दल असतं, रबराची थंडीतली पकड त्यातून कळत नाही. चारही टायर बदला. पैसे वाचवायला पुढचे दोनच बदलले तर पुढची बाजू थांबते आणि मागची फिरून बाजूला येते, आणि ती आवरणं नवख्याच्या हातचं काम नाही. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. ब्रिटिश कोलंबियातल्या बऱ्याच हायवेंवर १ ऑक्टोबरपासून लागतात. ओंटारिओत सक्ती नाही, पण १ जानेवारी २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायरवर सवलत द्यावीच लागते. बहुतेक जण ती मागतच नाहीत. फोन करून मागा.

कधी बदलायचे? आपल्या कॅलेंडरवर सोपं उत्तर आहे. दिवाळीच्या आसपास चढवा आणि गुढी पाडवा होऊन गेल्यावर, सकाळचं तापमानही ७ अंशांच्या वर टिकायला लागलं की उतरवा. पाडव्याच्या दिवशीच घाई करू नका, इथे एप्रिलमध्येही बर्फ पडतो. पहिला बर्फ पडल्यावर गॅरेजची वेळ मागाल तर दोन-तीन आठवडे थांबावं लागेल, कारण त्या दिवशी सगळं गाव तिथेच फोन करत असतं. टायर वेगळ्या स्टीलच्या रिमवर बसवून घेतले तर दर वर्षीची अदलाबदल स्वस्तात आणि पटकन होते. बदलल्यानंतर शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. खाचा ४ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या की तो टायर बर्फासाठी संपला असं समजा.

पहिल्या थंड सकाळी डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतो आणि लोकांना पंक्चर वाटतं. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो. ऑक्टोबरमध्ये १५ अंशांना भरलेली हवा उणे १५ ला पाच-सहा पीएसआयने उतरलेली असते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चालवण्याआधी मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब भरा.

आता टायर चांगले असूनही गाडी चौकात घसरत असेल, तर चौकाकडे बघा. तिथे शेकडो गाड्या ब्रेक दाबतात, चाकं फिरवतात, उभ्या राहून खालचा बर्फ थोडा वितळवतात. थांब्याच्या रेषेजवळचा बर्फ त्यामुळे घासून गुळगुळीत झालेला असतो. तिथे पोहोचल्यावर ब्रेक दाबून उपयोग नाही, वेग त्याच्या खूप आधी, गाडी सरळ असतानाच, उतरवायला हवा. कोरड्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर बर्फात ते किमान दुप्पट, बर्फ चकचकीत असेल तर त्याहूनही जास्त. आपल्याकडे पुढे जागा सोडली की दुसरा घुसतो. इथेही कधीकधी घुसतो. घुसू द्या आणि पुन्हा मागे व्हा.

पहिल्या पावसात घाट उतरताना आपण जसं पायाने जपून, गियरवर गाडी सोडतो, तसंच इथे करायचं. धक्का नको: ना ब्रेकला, ना ॲक्सेलरेटरला, ना स्टिअरिंगला. क्रूझ कंट्रोल बंद ठेवा. गाडी घसरायला लागलीच तर ॲक्सेलरेटरवरून पाय काढा आणि जिथे जायचं आहे तिकडे बघून स्टिअरिंग तिकडे हळूच वळवा. नजर खांबावर अडकली तर हातही खांबाकडेच जातात. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून धरायचा. पायाखाली पेडल थरथरतं आणि कुरकुरतं, बरेच जण घाबरून तिथेच पाय उचलतात. उचलू नका, ती थरथर म्हणजे यंत्रणा चालू आहे. हे सगळं वाचून येत नाही. पहिला चांगला बर्फ पडल्यावर रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या, खांब नसलेल्या पार्किंगमध्ये परवानगीने जा, ताशी २०-३० च्या वेगात ब्रेक दाबून बघा, गाडी किती लांब जाते ते बघा. अर्ध्या तासात जे शरीराला कळतं ते कुठल्याही व्हिडिओतून कळत नाही.

ऑल व्हील ड्राइव्हबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी निघते छान, चढते छान. थांबायला मात्र ब्रेक आणि टायरच लागतात, आणि ब्रेक तर सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. बर्फाच्या दिवशी हायवेच्या कडेला खड्ड्यात गेलेल्या गाड्यांमध्ये मोठ्या एसयूव्ही भरपूर असतात, कारण त्यांच्या चालकांना रस्ता चांगला आहे असं वाटत राहतं.

मिठाबद्दलही थोडं. रस्त्यावर टाकलेलं साधं मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं, पण उणे दहाच्या खाली त्याचं काम फार मंदावतं. म्हणून कडक थंडीत पालिका वाळू किंवा दुसरे क्षार मिसळतात. ‘‘काल मीठ टाकलं होतं’’ या भरवशावर उणे अठराच्या सकाळी उतारावर वेग घेऊ नका.

काच आतून गोठते, धुकं जात नाही

माझ्याकडे सर्वांत जास्त विचारलेली तक्रार हीच, आणि पाण्याचा माग काढायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. बुटांना लागलेला बर्फ गाडीत येतो, हीटरने वितळतो, मॅटमध्ये आणि खालच्या कार्पेटमध्ये मुरतो. तुम्ही घरी येऊन गाडी बंद करता. आतली ऊबदार, दमट हवा थंड काचेला लागते, पाणी काचेवर बसतं आणि रात्रीत गोठतं. सकाळी तुम्ही ते खरवडता, त्याचा चुरा पुन्हा डॅशबोर्डवर पडतो, वितळतो आणि रात्री परत काचेवर. पाणी गाडीबाहेर गेलंच नाही, मग तक्रार जाणार कशी?

आधी आत येणारं पाणी थांबवा. सीटवर बसून पाय बाहेरच ठेवा, बूट एकमेकांवर आपटून मगच आत घ्या. कापडी मॅट काढून उंच काठाच्या रबरी मॅट टाका आणि त्यात साचलेलं पाणी रोज घरी पोहोचल्यावर ओता. छतावरचा आणि पुढच्या काचेच्या तळाशी वायपरजवळ साचलेला बर्फ निघण्याआधी साफ करा, कारण गाडीत येणारी हवा तिथल्याच जाळीतून आत जाते. कार्पेटखाली हात घालून बघा. ओलं लागलं तर जुने टॉवेल दाबून, शक्य असेल तर गॅरेजमध्ये दारं उघडी ठेवून वाळवा. हे एकदा नीट केलं नाही तर बाकीचं सगळं वरवरचं राहील.

मग आतली दमट हवा बाहेर काढा. हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण, म्हणजे गाडीच्या चित्रात गोल बाण असलेलं, हिवाळ्यात बंद असलं पाहिजे. उन्हाळ्यात एसीसाठी ते दाबलेलं असतं आणि तसंच राहून जातं. धुक्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच संपतात. काचेकडे गरम हवा सोडताना एसीही चालू ठेवा. थंडीत एसी कशाला, असं वाटेल, पण एसी हवेतलं पाणी काढून घेतो आणि हीटर तीच कोरडी हवा तापवतो. डीफ्रॉस्टचं बटण दाबल्यावर बऱ्याच गाड्यांत एसी आपोआप सुरू होतो. फार थंडीत कॉम्प्रेसर चालत नाही, पण तेव्हा बाहेरची हवा मुळातच कोरडी असते, ती आत घेतली की काम होतं. घरी पोहोचायच्या मिनिटभर आधी खिडक्या खाली करून आतली ऊब बाहेर सोडा. थंडी वाजेल, पण सकाळचं खरवडणं वाचेल.

एवढं करूनही जात नसेल तर तीन गोष्टी तपासा. केबिनचा एअर फिल्टर कचऱ्याने तुंबलाय का. काच आतून तेलकट आहे का, तशी असेल तर धुकं घट्ट बसतं, काच स्वच्छ पुसा. आणि काचेवर चिकट थर येतोय, गाडीत गोडसर वास येतोय आणि इंजिनातलं कूलंट कमी होतंय का. तसं असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. तो घरगुती उपायाने सुटणार नाही, मेकॅनिककडे जा.

काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका, काच तडकते. वायपर गोठलेले असताना चालवू नका, मोटर जळते. रात्री गाडी बंद करण्याआधी वायपर बंद केले नाहीत तर सकाळी चावी फिरवताच ते गोठलेल्या काचेशी झटापट करतात. वॉशरमध्ये उन्हाळ्यातलं निळं पाणी राहिलं असेल तर ऑक्टोबरमध्येच संपवून उणे ४० पर्यंत न गोठणारं भरा, आणि एक कॅन डिकीत ठेवा. मिठाचा चिखल उडत असताना हायवेवर वॉशर संपला तर काही क्षणांत पुढचं काही दिसत नाही.

दार गोठलं तर हँडल खेचून तोडू नका. आधी दाराला अंगाने आतल्या दिशेने रेटा, रबरावरचा बर्फ तडकतो, मग उघडा. दुसरं दार उघडतंय का तेही बघा. दाराच्या रबराला हिवाळ्याआधी सिलिकॉन लावलं तर ही वेळ येत नाही. गाडी धुतल्यावर रबरं कोरडी पुसून घ्या.

सकाळी गाडी सुरूच होत नाही

इथे मात्र दोष खरोखर थंडीचा. उणे १८ ला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. बॅटरीवर लिहिलेला सीसीए हा आकडा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायची ताकद, याच तापमानाला मोजतात, नवी घेताना गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नका. बॅटरी खरं तर उन्हाळ्याच्या उष्णतेत खराब होते, थंडी ते उघडं पाडते. म्हणून चार-पाच वर्षांची बॅटरी असेल तर ऑक्टोबरमध्येच तपासून घ्या.

आवाज ऐका. नुसतं टकटक किंवा इंजिन कण्हत फिरत असेल तर बॅटरी, किंवा तिच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी पूड. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नसेल तर बॅटरीचा दोष नाही, तिला पुन्हा पुन्हा राबवून संपवू नका. फक्त पाच-सात मिनिटांच्या फेऱ्या होत असतील, शाळा आणि दुकान एवढंच, तर बॅटरी पुरती भरतच नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेवर नेऊन आणा.

जंप स्टार्ट करताना लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनजवळच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. पार उतरलेली बॅटरी गोठू शकते. ती फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर जंप देऊ नका.

विनिपेग, एडमंटन, सॅस्काटून भागात राहत असाल तर पुढच्या जाळीतून लोंबणारी प्लगची वायर म्हणजे ब्लॉक हीटर, विजेवर इंजिन गरम ठेवणारा. तिकडच्या पार्किंगमध्ये त्यासाठी खांबांवर सॉकेट असतात. रात्रभर लावायची गरज नाही, टायमर लावून निघण्याआधी तीन-चार तास पुरतात. टोरांटो परिसरात बहुतेकांना तो लागत नाही.

इंजिन तापवायला पंधरा मिनिटं उभं ठेवू नका. मिनिटभर चालू ठेवून हळू चालवायला लागा, ते चालतानाच लवकर तापतं. काच मात्र पूर्ण साफ झाल्याशिवाय निघायचं नाही, नुसती डोळ्यापुरती गोल खिडकी खरवडून तर अजिबात नाही. आणि गॅरेजमध्ये, दार उघडं असलं तरी, गाडी चालू ठेवून उभी करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि घराला जोडलेल्या गॅरेजमधून तो थेट आतल्या खोल्यांत शिरतो.

गाडी बर्फात रुतली, किंवा हायवेवर अडकली

ॲक्सेलरेटर दाबून चाकं गरगर फिरवलीत की खालचा बर्फ वितळून आरशासारखा होतो, म्हणजे पुन्हा पाणीच तयार केलंत. चाकांपुढचा आणि मागचा बर्फ फावड्याने काढा, स्टिअरिंग सरळ करा, ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा, तात्पुरता बंद करा आणि अगदी हलक्या पायाने पुढे-मागे करत गाडी बाहेर काढा. चाकाखाली वाळू किंवा मांजराच्या पेटीत घालतात ती माती टाकली तर पकड मिळते. दोन्ही दुकानात स्वस्त मिळतात, एक पिशवी डिकीत असू द्या.

लांब निघताना टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. बॅरीकडे जाणाऱ्या ४०० नंबरच्या हायवेवर जॉर्जियन बेवरून येणारे हिमझोत असे असतात की ऊन पडलेलं असताना दहा किलोमीटर पुढे काहीच दिसत नाही. निघण्याआधी ओंटारिओ ५११ या प्रांताच्या रस्ते-माहिती सेवेवर रस्त्याची स्थिती बघा. बर्फ पडत असताना दिवसाही हेडलाइट स्वतः लावा. कॅनडात १९९० पासून नव्या गाड्यांचे पुढचे दिवे दिवसा आपोआप लागतात, पण बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागचे लागत नाहीत, आणि मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. निळे दिवे लुकलुकणाऱ्या नांगराला ओलांडू नका, त्याच्यापुढचा रस्ता त्याच्यामागच्या रस्त्यापेक्षा नक्कीच वाईट आहे.

अडकलातच तर गाडी सोडून चालत निघू नका. खाली उतरून आधी मागचा सायलेन्सरचा पाइप बर्फातून मोकळा करा. तो बुजला तर धूर आत येतो. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, तेव्हा वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि पाइप पुन्हा पुन्हा तपासा. सीमेपलीकडे बफेलोत डिसेंबर २०२२ च्या नाताळात आलेल्या वादळात काही माणसं स्वतःच्या गाडीतच दगावली. गाडीत एक ब्लँकेट, टोपी, हातमोजे, पाणी, शेंगदाणे-गूळ किंवा खाकरा, टॉर्च, फोनची केबल आणि फावडं कायम हवं. संक्रांतीचं हळदीकुंकू ऐन जानेवारीत येतं. काळी साडी नेसा, त्यावर जाडजूड कोट घाला, पण पायात बूटच घाला. चप्पल पिशवीत न्या आणि यजमानांच्या दारात बदला. हॉलपासून दोनशे पावलांवर गाडी रुतली तरी पातळ चपलेतला पाय भिजतो आणि मग काही मिनिटांत बधिर होतो.

लहान मुलांबाबत एक गोष्ट आवर्जून. फुगलेलं जॅकेट घालून मुलाला कार सीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जॅकेट चपटं होतं आणि पट्टा सैल पडून मूल निसटू शकतं. आधी पातळ कपड्यांवर पट्टा आवळा, मग जॅकेट किंवा पांघरूण वरून घाला.

घरातलं पाणी आणि अंगावरचं पाणी

खिडक्यांवरून पाणी ओघळतं आणि त्याच घरात नाक कोरडं पडून रक्त येतं, हे दोन्ही एकदम कसं, असं विचारतात. बाहेरची उणे वीसची हवा घरात येऊन वीस अंशांवर तापली की तिची आर्द्रता फक्त पाच टक्क्यांच्या आसपास उरते, म्हणून त्वचा तडकते. मग आपण ह्युमिडिफायर जोरात लावतो, शिवाय कुकरच्या शिट्ट्या, उकळणारी आमटी, घरात वाळत घातलेले कपडे. ते पाणी सर्वांत थंड जागेवर, म्हणजे काचेवर, जाऊन बसतं आणि चौकटीत बुरशी धरतं. घरातली आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांत ठेवा आणि बाहेर उणे वीस झालं की ३० किंवा त्याखाली आणा. वीस डॉलरच्या आत मिळणारा छोटा मीटर घ्या, अंदाजाने होत नाही. स्वयंपाक करताना आणि अंघोळीनंतर पंखा चालू ठेवा. सकाळी उठल्यावर पडदे बाजूला करा, पडद्यामागे काच जास्त थंड राहते. अंघोळीनंतर अंग पुरतं वाळायच्या आधीच तेल लावा. खोबरेल थंडीत दगड होतं, बाटली गरम पाण्यात ठेवून मग वाटीत काढा.

कपड्यांतही हेच. सुती बनियन घाम पितं आणि ओलं राहतं, मग त्यावर कितीही महागडं जॅकेट घाला, अंग गार पडतं. अंगाला लागून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर ऊब देणारा थर, वर वारा अडवणारं जॅकेट. बोटं एकत्र राहणारे हातमोजे पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा जास्त ऊब देतात. वाऱ्यासहचं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. कान आणि नाकाचा शेंडा आधी.

बाळंतपणासाठी आई-बाबा हिवाळ्यात येत असतील तर विमानतळावर जातानाच त्यांचे बूट आणि कोट घेऊन जा. सामान गाडीपर्यंत नेताना पहिली घसरण तिथेच होते. बर्फावर पावलं छोटी, पाय सपाट, हात खिशाबाहेर. बुटांना लावायचे रबरी-लोखंडी दाते मिळतात, ते बाबांना नक्की घेऊन द्या, पण दुकानात किंवा घरात शिरताना काढायला सांगा. फरशीवर तेच दाते जास्त घसरतात.

शेवटी दारासमोरचा बर्फ. छताच्या पन्हळीचं पाणी ड्राइव्हवेवर उतरत असेल तर तुम्ही कितीही मीठ टाका, मार्चमध्ये रोज दुपारी ते वाहणार आणि रोज रात्री गोठणार. पन्हळीचा खालचा पाइप गवताच्या दिशेने वळवा. बर्फ उपसताना तो उताराच्या वरच्या बाजूला ढीग करू नका, वितळून परत तुमच्याच वाटेवर येतो. ड्राइव्हवेच्या तोंडाशी नांगराने टाकलेला घट्ट बांध संध्याकाळीच काढा, ऊन उतरायच्या आत. रात्रीत त्याचं काँक्रीट होतं आणि सकाळी पाठ धरते.